दिग्दर्शकाच्या हातातले कागद

कॉलेजात लघुपट करायचं ठरलं की पहिली काळजी पैशांची असते आणि दुसरी कॅमेऱ्याची. दोन्हींवर काही ना काही तोड निघते. कुणाच्या तरी मामाकडे डीएसएलआर असतो, वर्गणी काढून थोडे पैसे जमतात, आणि आजकाल चांगल्या फोनवरही मोठ्या पडद्यावर दाखवता येईल इतपत चित्रीकरण होतं. खरी अडचण तिसरीच आहे आणि तिच्याबद्दल आधी कुणी बोलत नाही. ज्याने दिग्दर्शन करायचं आणि ज्याने चार तास उन्हात प्रकाश परतवायला थर्माकोल धरून उभं राहायचं, ते दोघे एकाच बाकावर बसणारे असतात. व्यावसायिक सेटवर दिग्दर्शकाचा शब्द चालतो, कारण तिथे प्रत्येकाला मेहनताना मिळतो, हुद्दे ठरलेले असतात, पुढचं काम मिळण्याची आशा असते. वर्गाच्या लघुपटात यातलं काहीच नाही. मग सकाळी साडेसहाला वीस वर्षांच्या मुलीने आपल्याच वयाच्या पंधरा जणांना ‘इथे उभे राहा, आता गप्प बसा, आता पुन्हा एकदा करू’ असं कशाच्या बळावर सांगायचं?

तयारीच्या बळावर, असं या पुस्तकाचं म्हणणं आहे. पुढचा शॉट कुठला, कॅमेरा कुठे लागेल, कोण कोण हवं आणि किती वेळ जाईल हे जिला विचारल्याबरोबर सांगता येतं, तिचं ऐकायला मित्रांना कमीपणा वाटत नाही. ज्याला ते सांगता येत नाही त्याचा आवाज चढू लागतो, आणि आवाज चढला की दुपारच्या जेवणानंतर तिघं जण ‘क्लासला जायचंय’ म्हणून निघून जातात. विद्यार्थ्यांचे लघुपट वर्षानुवर्षं जवळून पाहताना जे अर्धवट राहिलेले मला दिसले, त्यांतले पैशांअभावी थोडेच थांबले. बहुतेक थांबले ते माणसं उठून गेल्यामुळे. म्हणून या पुस्तकात आम्ही लघुपटांच्या गोष्टी सांगत बसलेलो नाही. त्यांच्यामागचे कागद छापले आहेत: पटकथेचे खर्डे, शॉट डिव्हिजन, कॉलशीट, कंटिन्युइटीच्या वह्या, परवानगीचे अर्ज, खर्चाचे हिशेब. खाडाखोड तशीच ठेवली आहे. कुठला शॉट कापला गेला आणि का, हे त्या खाडाखोडीतूनच कळतं.

तयारीने माणसं जोडली जातात, याचं आपल्याकडचं सर्वांत जुनं उदाहरण दादासाहेब फाळक्यांचं आहे. 1912 मध्ये लंडनहून कॅमेऱ्याची सोय करून ते परतले तेव्हा त्यांच्यापाशी ना भांडवल होतं, ना चित्रपट बनवल्याचा लौकिक. कर्ज कुणी द्यायचं आणि कशावर? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज एक फ्रेम याप्रमाणे महिनाभराहून अधिक काळ त्याचं चित्रण केलं. पडद्यावर जेमतेम मिनिटभरात बी रुजून वेल उभा राहिला. ‘अंकुराची वाढ’ हा तो लघुपट त्यांनी निवडक मंडळींना दाखवला, आणि त्यानंतर कर्जाची सोय झाली. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाच्या वेळी घर हेच त्यांचं युनिट होतं. पत्नी सरस्वतीबाई कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडत, रसायनं हाताळत, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत आणि चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. राणी तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले. आज वर्गातली मुलं जे थर्माकोल धरतात, ते सरस्वतीबाईंच्या चादरीचंच काम आहे. हे काम करणाऱ्याला ‘बाकीचे’ या सदरात टाकू नये, एवढं तरी या इतिहासातून घ्यावं.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची खरी शाळा मात्र सिनेमाची नाही, एकांकिकेची आहे. महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने 1963 मध्ये पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा सुरू केली, तेव्हापासून कॉलेजच्या मुलांना रंगमंचाची शिस्त मिळत आली आहे. लघुपट करायला येणारी निम्मी मुलं याच तालमीतून आलेली असतात. त्यांना पाठांतर येतं, एकमेकांसाठी थांबणं येतं, रात्री उशिरापर्यंत राबणं येतं. ही मोठी पुंजी आहे. पण तालमीच्या हॉलमध्ये दिग्दर्शकाचा अधिकार दोन महिन्यांत हळूहळू तयार होतो. चुका होतात, सुधारतात, भांडणं होतात, मिटतात, आणि प्रयोगाच्या दिवसापर्यंत सगळे एकमेकांना ओळखून असतात. लघुपटाचं चित्रीकरण दोन-तीन दिवसांत उरकायचं असतं. तिथे ओळख पटायला वेळच नाही. जे तालमीत बोलून ठरतं ते इथे आधी लिहून ठरवावं लागतं.

दुसरा फरक नटांना जाणवतो. एकांकिकेत गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत एका दमात जाते. लघुपटात सकाळी आठला वडिलांच्या मृत्यूनंतरचा प्रसंग आणि अकराला त्यांच्याशी झालेलं हसतखेळत बोलणं घेतलं जातं, कारण दोन्ही एकाच स्वयंपाकघरात घडतात आणि ते घर आपल्याला दुपारपर्यंतच मिळालेलं असतं. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय लागलेल्या मुलाला कॅमेरा दीड हातावर आहे हे समजायला वेळ लागतो. त्यावर उपाय सोपा आहे. चित्रीकरणाच्या आठवडाभर आधी त्याच जागेत, फोनवर, एकेक प्रसंग घ्यावा आणि लगेच त्याला दाखवावा. स्वतःला पडद्यावर पाहिलं की नट आपोआप आवाज खाली आणतात. सूचना देऊन हे होत नाही.

गोष्टीबद्दल मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे. विद्यार्थ्यांच्या पहिल्या खर्ड्यांत आत्महत्या फार असतात. दारूडा बाप असतो, शेवटी ‘हे सगळं स्वप्न होतं’ असं निघतं, किंवा शहरात वाढलेली मुलं कधी न पाहिलेल्या शेतकऱ्याचं दुःख सांगू पाहतात. हे विषय वर्ज्य नाहीत. पण दहा मिनिटांत ते पेलायला जी ओळख लागते ती अंगी नसेल, तर पडद्यावर दुसऱ्यांच्या सिनेमांतली दृश्यंच पुन्हा येतात. वर्गाला जे माहीत आहे ते थोडं नाही. वसतिगृहातल्या खोलीत तिसरा मुलगा राहायला येतो तेव्हा कपाटाच्या कप्प्यांची वाटणी होते. स्पर्धा परीक्षेचा निकाल लागलेल्या संध्याकाळी अभ्यासिकेत कोण कुणाशी बोलत नाही. आईने पहिल्यांदा एकटीने यूपीआयने पैसे दिले. अशा प्रसंगांना खर्च लागत नाही, आणि ते नीट सांगितले तर कुणालाही कळतात.

उमेश कुलकर्णी यांचा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधला (एफटीआयआय) डिप्लोमा चित्रपट ‘गिरणी’ या दृष्टीने प्रत्येकाने पाहावा. घरखर्चाला हातभार म्हणून आई घरात पिठाची गिरणी आणते, आणि त्या यंत्राचा आवाज एका लहान मुलाच्या आयुष्याचा ताबा घेतो. एक घर, एक यंत्र, एक मुलगा. आवाजालाच पात्राचं स्थान दिल्यामुळे गोष्ट मोठी होते. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ तसाच. शाळेची ओढ लागलेल्या, पण शाळेच्या बाहेर राहिलेल्या मुलाची ती गोष्ट आहे. दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार या लघुपटाला मिळाला. त्यात मुलाचं काम करणारा सूरज पवार पुढे ‘फँड्री’ आणि ‘सैराट’मध्ये दिसला. दोन्ही लघुपटांत जे आहे ते जवळून पाहिलेलं आहे, आणि म्हणून नेमकं आहे. महागडी साधनं वाढवून हा नेमकेपणा आला नसता.

गोष्ट ठरली, पटकथा लिहून झाली, की ती घड्याळ लावून मोठ्याने वाचा. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट हा धंद्यातला ढोबळ हिशेब आहे, पण मराठीत हाताने लिहिलेल्या पानांना तो लागू पडेलच असं नाही. वाचताना हालचालीसुद्धा करून पाहाव्यात. ‘तो जिना चढून वर येतो’ हे वाक्य वाचायला दोन सेकंद लागतात आणि तीन मजले चढायला पाऊण मिनिट. लघुपट लांबतात ते बहुतेक अशा वाक्यांमुळे.

आता शॉट डिव्हिजन, म्हणजे प्रसंगाची शॉटवार फोड. या पुस्तकातली सर्वांत जास्त पानं मी तिला दिली आहेत, कारण दिग्दर्शक कशाला प्रसंग म्हणतो ते तिथे उघडं पडतं. ‘दोघं बोलतात’ असं लिहिलं की काम झालं, असं नवख्याला वाटतं. पण प्रेक्षकाने त्या क्षणी बोलणाऱ्याकडे पाहायचं की ऐकणाऱ्याकडे? आई ‘जा तू, मला काही होत नाही’ म्हणते तेव्हा तिचा चेहरा दाखवायचा, की मुलीच्या हातातली बॅगेची चेन? हा निर्णय सेटवर घ्यायला गेलात तर पंधरा माणसं थांबून राहतात. घरी कागदावर घेतलात तर कुणाचाच वेळ जात नाही. प्रत्येक शॉटपुढे तीन गोष्टी लिहाव्यात: कॅमेरा कुठे, काय दिसतं, आणि हा शॉट कशासाठी. तिसऱ्या रकान्यात काही सुचत नसेल तर तो शॉट कापावा. इथे छापलेल्या एका डिव्हिजनमध्ये अशा कितीतरी ओळी लाल रेघेने गेल्या आहेत, आणि त्या लघुपटाचं पॅक-अप वेळेत झालं.

दोन माणसांच्या संवादात त्यांच्यामधून एक रेषा कल्पावी आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवावा, हा नियम सगळे पाठ करतात. तरीही लाइन क्रॉस होते, कारण सेटवर घाईत कुणीतरी म्हणतं, ‘इकडून बॅकग्राउंड छान दिसतंय.’ मग एडिट टेबलवर दोघं एकमेकांकडे पाहण्याऐवजी एकाच दिशेला पाहताना दिसतात आणि संवाद तुटतो. प्रसंगाचा वरून दिसणारा नकाशा काढून त्यावर ती रेषा आणि कॅमेऱ्याच्या जागा दाखवल्या, तर हा प्रश्न उरत नाही. चित्रं काढता येत नसली तरी चालतं. चौकोन म्हणजे टेबल, गोल म्हणजे माणूस, बाण म्हणजे कॅमेरा, एवढं पुरतं. नियम मोडायचा असेल तर जाणून मोडावा, आणि तेही त्याच नकाशावर लिहावं.

डिव्हिजन गोष्टीच्या क्रमाने असते. शूटिंगचा क्रम वेगळा. एका बाजूने प्रकाश लावला, की त्या बाजूला तोंड असलेले सगळे शॉट एकामागोमाग संपवायचे आणि मगच कॅमेरा उलटा फिरवायचा. नवख्या चमूचे दिवसाला वीसेक शॉट झाले तरी तो दिवस चांगला गेला असं मी मानतो. यावरून तुमच्या लघुपटाला किती दिवस लागतील त्याचा हिशेब मांडा. हिशेब बसत नसेल तर आत्ताच पटकथा कापा. दिवस वाढवण्याचं स्वप्न पाहू नका. परीक्षा, सबमिशन आणि गॅदरिंगच्या मधल्या फटीत वर्गाला तेवढेच दिवस मिळतात.

फिल्मच्या काळात ही शिस्त आपोआप होती. 35 एमएम फिल्मचं चारशे फुटांचं रीळ सेकंदाला 24 फ्रेम या वेगाने साडेचार मिनिटांच्या आत संपतं. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या स्टुडिओच्या जागेत 1960 मध्ये सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पिढ्यान् पिढ्या मोजून मिळालेल्या फुटेजवर शिकल्या. रीळ फिरायला लागलं की पैसे फिरत होते, म्हणून तालीम आधी व्हायची आणि कॅमेरा नंतर सुरू व्हायचा. आज कार्डावर तासन् तास मावतं. त्यामुळे एकेका शॉटचे पंधरा टेक होतात आणि त्यांतला कुठला बरा हे कुणालाच आठवत नाही. माझं मत विचाराल तर वर्गाने स्वतःवर मर्यादा घालून घ्यावी: शॉटमागे जास्तीत जास्त पाच टेक. पाचव्यालाही जमलं नाही तर शॉटच चुकीचा लिहिला गेला आहे असं समजावं, आणि तो सोपा करावा.

वर्गमित्रांनी ठरावीक दिवसांत काय करता येतं, याचं अलीकडचं उदाहरण याच इन्स्टिट्यूटचं आहे. 2024 मध्ये कान महोत्सवात विद्यार्थ्यांच्या चित्रपटांसाठीच्या विभागात पहिलं पारितोषिक चिदानंद एस. नाईक यांच्या ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टु नो’ या सोळा मिनिटांच्या कन्नड लघुपटाला मिळालं. म्हातारी कोंबडा पळवते आणि गावात सूर्य उगवतच नाही, अशी लोककथा त्यामागे आहे. हा लघुपट टेलिव्हिजन विभागाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमातलं वर्षअखेरीचं काम होता. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी या चार शाखांमधले एकेक असे चार विद्यार्थी एकत्र येऊन ते करतात. चित्रीकरणाला त्यांना चार दिवस मिळाले. गोष्ट रात्रीची, म्हणजे प्रकाशाचा एकेक तुकडा आधी ठरवलेला असल्याशिवाय चार दिवसांत हे होणं शक्य नव्हतं. आणि त्या चौघांपैकी कुणीही दुसऱ्याचा नोकर नव्हता.

चौघांना चार कामं, हा त्या रचनेतला मुद्दा आपल्या कॉलेजांनी उचलावा असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे बहुधा सगळ्यांनाच दिग्दर्शक व्हायचं असतं, आणि उरलेले ‘मदत’ करतात. मदत करणाऱ्याला काम नसतं, जबाबदारी नसते, म्हणून त्याला सेटवर यायचं कारणही नसतं. पहिल्याच बैठकीत नावं आणि कामं लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. साउंड एकाचा, म्हणजे त्यात दुसऱ्याने बोलायचं नाही. त्याने ‘आवाज खराब आला, पुन्हा घेऊ’ म्हटलं की दिग्दर्शकाने पुन्हा घ्यायचं. वर्गात सर्वांत कमी मान मिळतो तो फर्स्ट असिस्टंट डायरेक्टरला, आणि शूटिंग त्याच्यामुळेच पुढे जातं. घड्याळ त्याच्या हातात असतं. दिग्दर्शक नटाशी बोलत असताना पुढच्या शॉटची जागा मोकळी करून घेणं, कोण जेवलं आणि कोण राहिलं ते पाहणं, ‘अजून दोनच टेक’ असं मित्राला तोंडावर सांगणं हे त्याचं काम. दिग्दर्शकाचा जिवलग मित्र या कामाला घेऊ नये. जो नाही म्हणू शकतो तो घ्यावा.

लोकेशनची रेकी ज्या वेळेला शूटिंग असेल त्याच वेळेला करावी. पूर्वेच्या खिडकीतून सकाळी साडेआठला येणारं ऊन अकराला निघून गेलेलं असतं, आणि दुपारी चारला जाऊन जागा पसंत करणाऱ्याला ते कळतच नाही. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे बाहेरचं काम पाचच्या आधी आटपायला हवं. रेकीला साउंडवाल्याला नेलंच पाहिजे. बाकीचे डोळ्यांनी पाहतात, तो डोळे मिटून पाच मिनिटं उभा राहतो. शेजारी फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे का, कितीला शाळा सुटते, वर पाण्याची टाकी भरते तेव्हा मोटरचा आवाज येतो का. पुण्यात पावसाळ्यात नदीकाठी शूटिंग ठरवणाऱ्यांनी संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव असतो हे लक्षात घ्यावं. तो सराव गणपतीपर्यंत थांबत नाही आणि थांबावा अशी अपेक्षाही धरू नये. वेळ आपण बदलायची.

परवानगीबद्दल थोडक्यात. कॉलेजच्या आवारासाठी प्राचार्यांचं पत्र, सोसायटीसाठी सेक्रेटरींचं, रस्त्यावर गर्दी होणार असेल तर स्थानिक पोलीस ठाण्याला अर्ज. रेल्वे स्थानकात रेल्वेच्या परवानगीशिवाय चित्रीकरण करता येत नाही. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत त्यांची परवानगी लागते, म्हणून किल्ल्यावरचा शेवट लिहिण्याआधी तो किल्ला कुणाच्या अखत्यारीत येतो ते पाहावं. सगळ्या पत्रांच्या दोन प्रती जवळ असाव्यात. वॉचमनकाकांना आदल्या दिवशी भेटून ती दाखवावीत. परवानगी त्यांच्याही कानावर हवी.

आवाजाकडे मी पुन्हा वळतो, कारण विद्यार्थ्यांचे लघुपट चित्रामुळे कमी आणि आवाजामुळे जास्त पडतात. हलणारं, थोडं अंधारं चित्र प्रेक्षक सहन करतो. न ऐकू येणारं वाक्य सहन करत नाही. कॅमेऱ्यावरच्या माइकवर भरवसा ठेवू नये. साधा लॅपल माइक फोनला लावून नटाच्या सदऱ्यात लपवला तरी फरक पडतो, आणि बूम धरायला खांद्यात ताकद असलेली मुलगी किंवा मुलगा हवा. पंखे बंद. फ्रिज बंद, आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे निघताना किल्लीसाठी फ्रिज उघडावाच लागतो आणि तो सुरू करायचा राहत नाही. साउंडवाल्यांची ही जुनी युक्ती आहे. प्रत्येक जागा सोडण्याआधी सगळ्यांनी मिनिटभर स्तब्ध उभं राहून त्या खोलीचा अँबियन्स रेकॉर्ड करावा. दिवसभर दमलेल्या पोरांना ते मिनिट फार लांब वाटतं, पण एडिटमध्ये दोन वाक्यांमधली खाच बुजवायला त्याच्याशिवाय दुसरं काही नसतं. क्लॅप मारायलाही कंटाळू नये. क्लॅपच्या पाटीवर प्रसंग, शॉट आणि टेक यांचे आकडे असतात आणि तिचा आवाज चित्राशी जुळवला की सिंक मिळतो. पाटी नसेल तर वहीवर लिहून दाखवावं आणि टाळी वाजवावी.

ट्यूबलाइटच्या उजेडात काही वेळा चित्र लुकलुकतं, तेव्हा कॅमेरा बिघडला असं वाटतं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे. सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर एक-पन्नासांश ठेवला की ते थांबतं. अशा बारीक गोष्टी छायाचित्रणाच्या प्रकरणात आल्या आहेत, इथे लांबवत नाही.

कॉलशीट आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या ग्रुपवर गेली पाहिजे. त्यात कुणी किती वाजता कुठे पोचायचं, कुठले शॉट, कपडे कुठले, प्रॉपर्टी काय, जेवण कितीला, आणि पॅक-अप कितीला हे सगळं असावं. शेवटची वेळ सगळ्यांत महत्त्वाची. वसतिगृहाचं फाटक ठरावीक वेळेला बंद होतं, गावाकडे जाणारी शेवटची एसटी असते, मुलींच्या घरी कुणीतरी वाट पाहत असतं. ‘अजून एकच शॉट’ म्हणून ही वेळ ओलांडणारा दिग्दर्शक मित्रांच्या घरच्यांचा विश्वास गमावतो, आणि दुसऱ्या दिवशी निम्मी मंडळी येत नाहीत. उशीर होणारच असेल तर घरी कोण पोचवणार, त्याचं नाव कॉलशीटवरच लिहावं. जेवण वेळेवर आणि सगळ्यांना एकच. नटांना पोळी-भाजी आणि बाकीच्यांना वडापाव असं कधीही करू नये. बजेटच्या कागदावर खाण्याची ओळ सर्वांत वर ठेवा. भाड्याची लेन्स एक दिवस कमी घेतली तरी लघुपट होतो.

कंटिन्युइटीची वही एकाच माणसाकडे राहावी. कपात चहा किती होता, घड्याळ कुठल्या हातात, ओढणी कुठल्या खांद्यावर, ‘अगं’ म्हणताना तो उठला की उठून मग म्हणाला. फोनवर फोटो काढावेतच, पण शेवटची गोष्ट फोटोत येत नाही, ती लिहावी लागते. प्रत्येक टेकपुढे ‘ओके’ की ‘एनजी’ (नॉट गुड) आणि का, एवढ्या नोंदीने एडिटरचे कित्येक दिवस वाचतात.

रात्री कार्ड मोकळं करण्याआधी फुटेजच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर झाल्या आहेत हे दोघांनी पाहावं. दोन्ही डिस्क एकाच बॅगेत घरी नेऊ नयेत. संकलन करणारा शक्यतो दिग्दर्शक नसावा. सेटवर एखादा शॉट मिळवायला किती त्रास झाला हे वेगळ्या संकलकाला ठाऊक नसतं, म्हणून तो निर्धास्तपणे कापू शकतो. संगीताबाबत एकच सांगणं: सिनेमातलं गाणं परवानगीवाचून उचलू नका. महोत्सवात लघुपट अडतो आणि इंटरनेटवरून खाली येतो. कॉलेजात पेटी वाजवणारी, बासरी वाजवणारा कुणीतरी असतंच. त्यांना एडिट दाखवा आणि काय सुचतं ते वाजवायला सांगा. त्यांच्याकडूनही वापराच्या परवानगीची चार ओळींची चिठ्ठी घ्या.

नामावलीवरून झालेली भांडणं मी फार पाहिली आहेत. वर्षभर बोलत नाहीत असे मित्र पाहिले आहेत. पहिल्या बैठकीत सह्या केलेला तो कागद इथे उपयोगी पडतो. ज्याने जे काम केलं तेच त्याच्या नावापुढे, आणि मधेच काम बदललं असेल तर त्या दिवशीच कागदावर बदलून. जिच्या स्वयंपाकघरात दोन दिवस शूटिंग झालं त्या काकूंचं नाव, वॉचमनकाकांचं नाव, ज्याने रिक्षा वापरायला दिली त्या दादाचं नाव, स्पेलिंग विचारून, पूर्ण. आणि महोत्सवाला पाठवण्याआधी पहिला खेळ त्यांच्यासाठी ठेवा. वर्गातल्या प्रोजेक्टरवर, खुर्च्या लावून.

या पुस्तकातल्या लघुपटांपैकी काही चांगले झाले, काही साधारण. निवड करताना आम्ही लघुपटाचा दर्जा पाहिला नाही. ज्यांचे कागद पूर्ण होते आणि ज्यांची टोळी शेवटपर्यंत एकत्र राहिली, ते घेतले. त्यांतल्या बहुतेकांनी एकमेकांबरोबर दुसरा लघुपटही केला. कागद छापायला देताना त्या सगळ्यांनी एकच अट घातली होती: चुका झाकू नका. ती आम्ही पाळली आहे.

शेवटच्या प्रकरणात शॉट डिव्हिजन, कॉलशीट, कंटिन्युइटी, बजेट आणि परवानगीपत्र यांचे कोरे नमुने दिले आहेत. त्यांच्या हव्या तेवढ्या झेरॉक्स काढा, रकाने बदला, तुमच्या गावाला आणि तुमच्या वर्गाला सोयीचे करून घ्या. भरलेले कागद मात्र टाकून देऊ नका. पुढच्या वर्षीच्या वर्गाला द्या.